तीन लेकरं, सासूबाई आणि जुनी वॅगनआर : चाइल्ड सीट बसवायच्या कशा?

आर्णीची_मास्तरीण

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आमचं गाव आर्णी तालुक्यात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते, यांचं कृषी केंद्र आहे. गाडी २०१४ ची वॅगनआर. एअरबॅग नाही, आयसोफिक्सचे (चाइल्ड सीट पट्ट्याविना थेट गाडीला अडकवायचे) हुक नाहीत. मागच्या सीटवर दोन्ही कडांना खांद्यावरून येणारे पट्टे आहेत, मधे नुसता कमरेचा. मोठी मुलगी पहिलीत, वजन १९ किलो. मधला अडीच वर्षांचा, १२ किलोचा, आणि अंगात भिंगरी. धाकटी तीन महिन्यांची, सहा किलोला टेकली आहे.

आमची बसायची पद्धत सगळ्यांच्या घरी असते तीच. पुढे मी, मांडीवर बाळ. मागे सासूबाई आणि मोठी. मधला बसतच नाही, पुढच्या दोन सीटच्या फटीत उभा राहून बाबांच्या गिअरवर हात ठेवतो. नागपूर-तुळजापूर रस्ता चौपदरी झाल्यापासून आमचीही गाडी ८० च्या खाली राहत नाही, आणि रात्री कापसाचा ट्रॅक्टर मागचा लाइट नसताना कुठून आडवा येईल सांगता येत नाही. परवा यांनी करकचून ब्रेक दाबला आणि मधल्याची हनुवटी गिअरच्या डब्यावर आपटली. दोन टाक्यांवर निभावलं.

यवतमाळच्या दुकानात एकच सीट दाखवली, ‘जन्मापासून सात वर्षांपर्यंत चालते’ म्हणे. पुण्याची नणंद तिच्या मुलाची जुनी सीट द्यायला तयार आहे. हे म्हणतात, आधी सात सीटची एर्टिगा घेऊ, मग सीटचं बघू. सासूबाईंचा प्रश्न सगळ्यात सोपा आणि सगळ्यात अवघड : ‘तीन खुर्च्या मांडल्या तं मी कुठं बसू?’

काय घ्यावं, कुठल्या क्रमाने घ्यावं?

झाडाखालचा_भाऊ

काहून पैसे घालवता मॅडम? आमी पाच भावंडं काळी-पिवळीच्या टपावर बसून मामाच्या गावाले गेलो, कोनाले काई नाई झालं. लेकरू मायच्या मांडीवर जेवढं सुखरूप तेवढं कोठंच नाई. खुर्चीत बांधलं तं रडून रडून गाव गोळा करते. त्यापेक्षा भाऊले गाडी हळू चालवाले सांगा.

तीन_पोरांचा_बाप

ताई, मी पांढरकवड्याचा. सासुरवाडी हैदराबादची, त्यामुळे ४४ नंबरच्या हायवेवर तिन्ही पोरं घेऊन जाणं-येणं चालूच असतं. तुमच्या प्रश्नाचं उत्तर सासूबाईंच्या प्रश्नात आहे, तिकडे शेवटी येतो.

आधी भाऊंसाठी एक हिशेब. ताशी ५० ने चाललेली गाडी आदळून एक दशांश सेकंदात थांबली, तर सहा किलोच्या बाळाचा भार त्या क्षणापुरता ८५ किलोच्या आसपास जातो. वेग ८० असेल तर १३५ च्या वर. सव्वा क्विंटलहून जास्त वजन कोणती माय हातात धरून ठेवेल? त्यात तिने स्वतः पट्टा लावला नसेल तर तीच बाळावर आपटते. मायेत कमी नाही हो, हाताच्या ताकदीत कमी आहे. आणि टपावर बसून ज्यांना काही झालं, ते इथे लिहायला आले नाहीत.

आता एकेक लेकरू. धाकटीला मागे तोंड करून बसणारी सीटच. या वयात डोकं अंगाच्या मानाने फार जड आणि मान कच्ची असते. टक्कर समोरून झाली की उलट्या सीटमध्ये पाठ, मान, डोकं सगळं एकदम टेकतं. पुढे तोंड करून बसवलं तर अंग पट्ट्याने अडतं आणि डोकं पुढे झेपावतं. नव्या युरोपीय नियमात, आर१२९ म्हणतात त्यात, १५ महिन्यांपर्यंत उलटंच बसवायचं बंधन आहे. मी म्हणतो, सीटची वजन-उंचीची मर्यादा संपेपर्यंत उलटंच राहू द्या. तुमचा मधलासुद्धा १२ किलोचाच आहे. उलटी १८ किलोपर्यंत चालणारी सीट मिळाली तर त्यालाही उलटं बसवा. पाय दुमडतात म्हणून आजी ओरडेल. ओरडू द्या, लेकरं घरी मांडी घालूनच बसतात.

मोठीला पाठ असलेला बूस्टर, म्हणजे लेकराला उंच करणारी बैठक. गाडीचा पट्टा मोठ्या माणसासाठी बनवलेला असतो, तिच्या अंगावर तो गळ्यावर आणि पोटावर येतो. बूस्टरने उंच झाली की खांद्याच्या मधून आणि खाली मांड्यांच्या सांध्यावरून जातो. उंची साधारण १४५ सेंटिमीटर होईपर्यंत बूस्टर लागतो, म्हणजे अजून बरीच वर्षं. आणि लक्षात ठेवा, बूस्टर फक्त तीन टोकांच्या, म्हणजे खांदा आणि कंबर दोन्हीवरून येणाऱ्या पट्ट्यावर. तुमच्या मधल्या जागेवर कमरेचा पट्टा आहे, तिथे बूस्टर ठेवायचा नाही.

दुकानदाराची ‘जन्मापासून सात वर्षं’ वाली सीट मधल्याला चालेल. तीन महिन्यांच्या बाळाला मात्र आधी गाडीत ठेवून बघा. या सीट बऱ्याचदा फार उभ्या राहतात आणि बाळाची हनुवटी छातीला लागते, श्वास कोंडू शकतो. दुसरी भानगड पट्ट्याची. उलटी सीट बांधताना गाडीचा पट्टा सीटच्या पाठीमागून फिरवावा लागतो, आणि छोट्या जुन्या गाड्यांत तो वीतभर कमी पडतो. दुकानातल्या टेबलावर हे कळत नाही. म्हणून गाडी घेऊन जा, दुकानासमोर उभी करा, स्वतः बसवून पाहा, मगच पैसे द्या. नाही म्हणाला तर दुसरं दुकान.

बसवताना सीटच्या कडेला रंगीत खुणा असतात. निळ्या खुणांतून पट्टा नेला तर उलटं तोंड, लाल खुणांतून नेला तर सरळ तोंड. गुडघा सीटमध्ये दाबून पट्टा ओढायचा. मग जिथून पट्टा जातो तिथे धरून हलवायची. इंचभराच्या वर हलली तर पुन्हा. लेकराच्या खांद्यावरचा पट्टा चिमटीत धरता आला तर तो ढिला आहे.

नणंदेच्या सीटबद्दल तिला विचारा की तिच्या गाडीला कधी धडक बसली होती का. बसली असेल तर ती सीट घेऊ नका, वरून कितीही नवी दिसली तरी. खाली प्लास्टिकमध्ये घड्याळासारखा गोल ठसा असतो, त्यात सीट बनल्याचं वर्ष आणि महिन्याचा बाण. किती वर्षं वापरायची ते माहितीपुस्तकात असतं. पुस्तक नसेल, मान्यतेचं नारिंगी लेबल फाटलेलं असेल, तर नणंदेचे आभार माना आणि सोडून द्या.

राहिल्या सासूबाई. वॅगनआरमध्ये मागे तीन सीट बसणारच नाहीत. टेप लावा आणि खात्री करा.

आर्णीची_मास्तरीण

लावली टेप. शिवणकामाचीच होती. दारापासून दारापर्यंत चार फुटांना थोडी कमी भरली. दुकानातली एक सीट ४४ सेंटिमीटर रुंद, तीन म्हणजे सव्वाचार फुटांच्या वर. दोन सीट कडांना ठेवल्या तर मधल्या फटीत पिशवी बसेल, सासूबाई नाही बसणार.

मग यांनी कागदावर गाडी काढली. पुढे हे. मागे डावीकडे बाळ, उजवीकडे मधला. मोठीला तीन टोकांचा पट्टा हवा, म्हणजे ती पुढे बूस्टरवर. गाडी भरली! सासूबाई म्हणाल्या, ‘म्हंजे मी अन् तू दोघी घरी.’ त्या दिवसापासून माझा प्रश्न त्यांचाही झाला आहे.

लसीकरणवाल्या_ताई

मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे, सीटबद्दल नाही, बाळाबद्दल लिहिते.

घरून दवाखान्यापर्यंतच्या रस्त्याला बाळ सीटमध्ये झोपलं तर काही नाही. पण नागपूरपर्यंत सलग झोपवू नका. दोन तासांच्या आत थांबा, बाहेर काढा, सरळ निजवा, दूध पाजा. पाजायचं असेल तर गाडी बाजूला लावून. चालत्या गाडीत पट्टा सोडून पाजणं नको. घरी पोचल्यावर ‘झोपलंय तर राहू दे’ म्हणून सीटमध्येच ठेवतात, तेही नको. पाळण्यात घाला.

थंडीत स्वेटर, वर जॅकेट, वर दुपटं आणि त्यावर पट्टा असं करतात. जाड कपडा टकरीत दबतो आणि पट्टा ढिला पडतो. पातळ कपड्यावर पट्टा आवळा आणि पांघरूण वरून घाला.

आपल्याकडे खरा त्रास उन्हाळ्याचा. मे महिन्यात बाजारात तासभर उभ्या असलेल्या गाडीत बकल हात लावू देत नाही. उतरताना सीटवर पांढरं धोतर टाकून जा, बसवण्याआधी बकल स्वतःच्या मनगटाला लावून पाहा. बाळाच्या पाठीखाली गादी, उशी, ओला टॉवेल असलं काही घालू नका. आणि पाच मिनिटांत येते म्हणून लेकराला बंद गाडीत ठेवणं तर एप्रिलपासून विसराच.

झाडाखालचा_भाऊ

सव्वा क्विंटलचं पटलं बाप्पा. पन मंग मोटरसायकलचं काय? आमच्या गावात कार चार, गाड्या शंभर. पोट्टं टाकीवर बसते. त्याले कोनती खुर्ची?

तीन_पोरांचा_बाप

भाऊ, त्यासाठीही नियम आहे. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्राने काढला आणि वर्षभराने लागू झाला. चार वर्षांखालच्या लेकराला मागे बसवून चालवणाऱ्याच्या अंगाला बांधणारा पट्टा, नऊ महिन्यांच्या वर असेल तर डोक्यावर हेल्मेट, आणि वेग ताशी ४० च्या आत. टाकीवर नाही. कारमध्ये १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना नेलं तर हजार रुपये दंड, मोटर वाहन कायद्याचं कलम १९४ ब. आपल्या तालुक्यात पावती कोण फाडतं ते सोडा.

ताई, तुमचा नकाशा बरोबर आहे. मोठी पुढे बसणार असेल तर तिची सीट मागे सरकते तितकी सरकवा. एअरबॅग नाही म्हणून तुमच्या गाडीत हे जमतं. एअरबॅगवाली गाडी घ्याल तेव्हा उलट्या तोंडाची सीट चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नका, फुगताना ती थेट सीटच्या पाठीवर बसते.

सात सीटची घेतली तरी मधल्या ओळीत दोन सीट बांधल्यावर ती ओळ वाकवून मागे चढता येत नाही, हे शोरूममध्ये कोणी सांगत नाही. शोरूममध्ये गाडी रिकामी असते. मी म्हणून सहा सीटची घेतली, मधल्या ओळीत दोन सुट्या खुर्च्या. फटीतून थोरला मागे जातो, बूस्टरवर बसतो, बायको त्याच्या शेजारी. म्हातारी पुढे, गुडघे लांब करून. मारुतीच्या एक्सएल६ सारख्या गाड्या पाहा. आणि जाताना सीट आणि सासूबाई दोन्ही सोबत न्या.

सीट घेताना मात्र अशी घ्या, जी पट्ट्यानेही बांधता येते आणि आयसोफिक्सनेही. आज वॅगनआर, उद्या दुसरी गाडी. आयसोफिक्सवाल्या सीटला खाली टेकणारा पाय असेल तर नव्या गाडीत पायाशी सामान ठेवायचा झाकणाचा कप्पा आहे का ते बघा. पाय त्या झाकणावर टेकवायचा नसतो, खाली पोकळ असतं.

अजून एक, हे कुणी सांगत नाही : महिन्याकाठी बकल उलटं करून झटका. आमच्यात मुरमुरे आणि शेंगदाण्याची टरफलं निघाली, क्लिक झाल्यासारखं वाटायचं पण जीभ पूर्ण आत गेलेली नसायची. पट्टे ओल्या फडक्याने पुसा, निरम्यात भिजवू नका.

आर्णीची_मास्तरीण

सगळ्यांचे आभार. आमचं ठरलं ते लिहिते, म्हणजे पुढच्या कुणाला कामी येईल.

गाडी आत्ता नाही. कापूस विकल्याशिवाय त्या विषयाला हात लावायचा नाही. धाकटीसाठी मागे तोंड करणारी सीट घेतली, यवतमाळच्या दुसऱ्या दुकानातून. पहिल्या दोन मॉडेलला आमचा पट्टा खरंच पुरला नाही. दुकानातला पोरगा म्हणाला, ‘मॅडम, असं गाडीत लावून कोणीच बघत नाही.’ तिसऱ्याला पुरला, वर चार बोटं उरला. मधल्याला दोन्ही पद्धतीने बांधता येणारी, १८ किलोपर्यंत उलटी चालणारी सीट ऑनलाइन मागवली, परत करता येईल अशी. नणंदेची सीट नको म्हटलं, तिच्या गाडीला मागून ट्रकने ठोकलं होतं. मोठीला बूस्टर तिच्या मामाने दिला.

मधला पहिल्या दिवशी आर्णीपर्यंत भोकाड पसरून आला. दुसऱ्या दिवशीही. आता त्याची अट एवढीच की पट्टा त्याने स्वतः लावायचा, मी नुसतं ओढून बघायचं.

आणि सासूबाईंनी स्वतःचं स्वतः ठरवलं. शेगावला सगळे जाणार आहोत. त्या म्हणतात, ‘मले एसटीत अर्धं तिकीट लागते, मी अन् तू यष्टीनं जाऊ. तो येईल लेकरं घेऊन.’ हे म्हणतात, तीन लेकरं मागेपुढे बांधून मी एकटा शेगावपर्यंत? तीन_पोरांचा_बाप, यांना काही सल्ला असेल तर द्या. धाकटी दूध कुणाकडे पिणार हे अजून कुणाच्या डोक्यात आलेलं नाही.

तीन_पोरांचा_बाप

त्यापेक्षा असं करा ताई : मोठीला आजीसोबत एसटीत पाठवा, तिला मजा येईल. पुढची सीट तुमची, मागे दोन बांधलेले. तुमच्या यजमानांना म्हणावं, कारंजापर्यंत जरी धाकटी झोपली तरी चहाला थांबायचंच.