वर्षाचं धान्य भरणं: काटकसर की नुसती सवय?

डोंबिवली_पूर्व
आम्ही तिघं. मी, बायको आणि साडेतीन वर्षांची मुलगी. भाड्याचा वन बीएचके, गच्चीला सोसायटीचं कुलूप. हातात पगार ५८,०००. मुलगी झाल्यावर बायकोनं नोकरी सोडली, त्यामुळे सध्या एकच पगार. भाडं १७,०००, बाईकचा हप्ता ३,९००, फोनचा हप्ता २,४००, प्लेग्रुपची फी वर्षाला ४२,००० आणि गावी आईला महिन्याला ४,०००. उरलेल्यात घर चालतं.

एप्रिलमध्ये आई आली आणि म्हणाली, "वर्षाचं भरून टाका, सुटाल." आम्ही भरलं. हिशोब पुढे देतोय, कारण या विषयावर सगळे बोलतात पण आकडा कुणी सांगत नाही.

लोकवन गहू १०० किलो, शेतकऱ्याकडून ३६ रुपये किलोनं. आमच्या वाण्याकडे ४२. वाचले ६००. इंद्रायणी तांदूळ ६० किलो, ५८ नं, वाण्याकडे ६६. वाचले ४८०. तूरडाळ २० किलो, १२० नं, वाण्याकडे १३५. वाचले ३००. एकूण बचत १,३८०.

आता दुसरी बाजू. टेम्पो ४००. ऑगस्टमध्ये एक कोठी उघडली तर गव्हात टोके, वरच्या थराला जाळी. चाळून, निवडून २२ किलो टाकून दिला, म्हणजे ७९२ रुपये. पत्र्याच्या तीन कोठ्या २,७०० च्या. दहा वर्षं टिकतील असं समजून यंदाचे २७० धरले. बेरीज-वजाबाकी करून ८२ रुपये तोटा.

खरी गोष्ट पुढे आहे. जुलैत मुलीला डेंग्यू झाला. ॲडमिट करावं लागलं नाही, म्हणून कंपनीच्या मेडिक्लेममध्ये काही बसलं नाही. तपासण्या, औषधं, रोज प्लेटलेट मोजणं, सगळं मिळून ११,००० गेले. त्या दिवशी माझे ९,४८० रुपये कोठ्यांत होते आणि खात्यात ३,१००. क्रेडिट कार्ड घासलं, दोन महिने बिलातली फक्त किमान रक्कम (मिनिमम) भरत राहिलो, साधारण ९०० रुपये व्याज आणि जीएसटी गेला.

माझं मत: ज्यांना स्वतःचं घर, गच्ची आणि बाजूला ठेवलेले पैसे आहेत त्यांनी वर्षाचं भरावं. दर ११ महिन्यांनी ॲग्रीमेंट बदलणाऱ्यानं महिन्याचं आणावं. काटकसर म्हणून आपण जे करतो त्यातलं निम्मं आईनं केलं म्हणून करतो. पटत नसेल तर भांडा.

सांगलीची_आत्या
भांडायलाच आले. गहू वाळवला कुठे?

डोंबिवली_पूर्व
हॉलमध्ये, चादरीवर, फॅन लावून. गॅलरीत सकाळी तासभर ऊन येतं, तिथे थोडा थोडा.

सांगलीची_आत्या
मग टोके होणार नाहीत तर काय होईल? फॅनखाली गहू वाळत नाही, नुसता थंड होतो. कडक उन्हात दोन-तीन दिवस पाहिजे. दाताखाली धरला की कट्कन तुटला पाहिजे, चपटा झाला तर अजून ओल आहे. संध्याकाळी गरम गरम भरायचा नाही, रात्रभर निवू द्यायचा. तुरीच्या डाळीला एरंडेलाचा हात द्यायचा. आणि रोज वापरायचा डबा वेगळा. कोठी महिन्यातून एकदाच उघडायची, तीही कोरड्या हातानं. रोज झाकण काढलं तर पावसाळ्याची हवा आत जातेच.

गहू टिकला असता तर तुमचाच हिशोब ७१० रुपये फायद्यात होता. म्हणजे पद्धत चुकली नाही, तुमचं वाळवणं चुकलं.

आणि फायदा किलोमागच्या सहा रुपयांत नसतोच. वाण्याकडे जाणं वाचतं, त्यात असतो. गव्हाला गेलेला माणूस फक्त गहू घेऊन कधी आलाय? दोन बिस्किटाचे पुडे, एक चिवडा, लेकराला काहीतरी. आता तर जावंही लागत नाही, दहा मिनिटांत दारात. डबा भरलेला असला की माणूस घरात काय आहे ते बघून स्वयंपाक करतो. रिकामा असला की फोन बघून करतो.

आकडेमोड
धागा वाचून गंमत वाटली. गव्हाच्या टोक्यांवर एवढं लिहिलंय, टर्म इन्शुरन्सवर (कमावता माणूस गेला तर घराला पैसे देणारा निव्वळ विमा) एक ओळ नाही.

तुमच्या ५८,००० पैकी भाडं, दोन हप्ते, फी आणि आई यात ३०,८०० आधीच गेले. धान्य वर्षाला साडेनऊ हजार म्हणजे महिन्याला ८०० पण नाही. त्यात तुम्ही कितीही डोकं चालवलंत तरी शंभर रुपयांच्या आसपास खेळणार. एकट्याचा पगार, पदरात लहान मूल, आणि टर्म प्लॅन आहे का ते सांगितलंच नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, पूर्वी टर्मवर १८ टक्के होता. आता सबब नाही.

दुसरं, तो फोनचा हप्ता. "नो कॉस्ट" असेल तर बिल काढून नीट वाचा. रिझर्व्ह बँकेनं २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असा प्रकार नसतो. ते व्याज कुठेतरी बसवलेलं असतं: सोडलेल्या डिस्काउंटमध्ये नाहीतर प्रोसेसिंग फीमध्ये.

तिसरं, कार्डाचं मिनिमम. पूर्ण बिल भरलं नाही की नवीन खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. त्या दोन महिन्यांत कार्डावर भाजी जरी घेतली असेल तरी तिच्यावर पहिल्या दिवसापासून व्याज लागलंय.

आधी तीन महिन्यांचा खर्च बाजूला. मग टर्म. मग आरोग्य. गहू शेवटी.

अर्धा_कप
आकडेमोड, तुमचं सगळं बरोबर आहे, पण भाडं कमी करायला मालक ऐकतो का? हप्ता सुरू झाला की तो संपेपर्यंत आहेच. माझ्या हातात महिन्याला काय उरतं? भाजी, किराणा, वीज आणि रिक्षा. माणूस तिथेच काटकसर करतो जिथे त्याचं चालतं. मोठे आकडे मोठे असतात, पण ते तीन-चार वर्षांतून एकदा ठरतात. घर बदलताना, गाडी घेताना, शाळा निवडताना. मधल्या काळात काय करायचं? डोळे मिटून बसायचं?

आकडेमोड
मधल्या काळात पुढचा मोठा आकडा ठरवायची तयारी करायची. पुढच्या वर्षी त्यांची मुलगी नर्सरीत जाईल. फी ४२ ची ८५ हजार होणार की २५, हे येत्या चार महिन्यांत ठरेल. त्या एका निर्णयात लोकवनचे किती कट्टे बसतात ते मोजा.

दुपारची_पाळी
मला वेगळंच खटकलं. "आम्ही भरलं." "चाळून, निवडून टाकून दिला." आम्ही म्हणजे कोण? वाळवलं कुणी, निवडलं कुणी, ऑगस्टमध्ये कोठी उपसून टोके काढत कोण बसलं? हिशोबात टेम्पोचे ४०० आहेत, या कामाचा एक रुपया नाही.

डोंबिवली_पूर्व
खरं सांगतो. आई आणि बायको. एप्रिलमध्ये साधारण सहा दिवस, रोज चारेक तास. पोती मी वर आणली, बाकी काही केलं नाही. ऑगस्टचं मोजलं नाही.

दुपारची_पाळी
म्हणजे दोघींचे मिळून ४८ तास. आत्यांच्या म्हणण्याप्रमाणे सगळं नीट झालं असतं तरी ७१० रुपये सुटले असते. तासाला १५ रुपयेसुद्धा पडत नाहीत. कुणी घरकामाला बाईंना या दरानं बोलावून दाखवा.

काटकसरीच्या या सगळ्या युक्त्या बघा जरा. कापडी लंगोट, घरचा मसाला, घरचं तूप, वर्षाचं वाळवण. पैसा वाचतो, पण वेळ कुणाचा जातो ते कुणी लिहीत नाही. पुरुष वही लिहितो, बाई वेळ देते. माझ्या सासूबाई अभिमानानं सांगतात की त्यांनी कधी पापड विकत आणले नाहीत. त्यांचे गुडघे कशानं गेले हे मात्र सांगत नाहीत.

सांगलीची_आत्या
बाई, तू म्हणतेस ते माझ्याही वाट्याला आलंय, नाही म्हणत नाही. पण प्रत्येक तासाला दर लावायला लागलो तर पोराला भरवायचा दर काय लावशील? आम्ही चार जावा गच्चीवर कुरडया घालायचो तेव्हा गप्पा व्हायच्या, रडणंही व्हायचं. त्याला मी काम म्हणत नव्हते.

दुपारची_पाळी
चौघी होतात आणि गच्ची होती, आत्या. इथे एकटी आहे आणि गॅलरी आहे.

सांगलीची_आत्या
हे मात्र खरं.

नवा_संसार
एवढं कशाला करता? धान्यात ठेवायची गोळी मिळते. दोन टाकल्या की वर्षभर एक किडा नाही. आमच्याकडे गावी तेच करतात.

अर्धा_कप
कृपया नाही!! काही ठिकाणी ज्या गोळ्या सुट्या विकतात त्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या असतात. हवेतल्या ओलाव्यानं त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत तो जीव घेतो, त्यावर उतारा नाही. ती गोदामांसाठी आहे आणि तीही परवानाधारक माणसांनीच वापरायची. वन बीएचकेमध्ये कोठी बेडच्या शेजारी असते आणि तिथे साडेतीन वर्षांचं मूल झोपतं. किडे परवडले, चाळता येतात.

नवा_संसार
बापरे. घरी फोन करतो.

काळी_माती
मी गहू पिकवणारा. दहा-बारा शहरातली गिऱ्हाइकं माझ्याकडून थेट नेतात. माझी बाजू ऐका.

तुम्हाला सहा रुपये वाचले का नाही, हा तुमचा प्रश्न. मला एप्रिल-मेमध्ये रोख लागते, कारण जूनला बियाणं आणि खत घ्यायचंय. तेव्हा विकला नाही तर गावच्या विकास सोसायटीचं कर्ज अंगावर राहतं. २०२५ च्या सुगीला सरकारचा हमीभाव क्विंटलला २,४२५ होता. तुम्ही ३६ नं घेतला म्हणजे शेतकऱ्याला बरा पैसा गेला. वर्षाचं भरणं ही चाल त्यातूनच आली. सुगीला आमच्याकडं माल असतो न् पैसा नसतो, तुमच्याकडं उलटं. दोघांचं जमायचं.

आता तुमच्याकडंही पैसा नसंल तर गणित मोडलं, हे मला पटतं. पण वाण्याकडं परत जायच्या आधी विचारून तर बघा. माझी चार गिऱ्हाइकं एप्रिलला निम्मे पैसे देतात न् गहू तीनदा नेतात. माझ्याकडं खळं आहे, ऊन आहे, वाळवून मीच ठेवतो. किलोला दोन रुपये जास्त घेतो. कुणाची तक्रार नाही.

आकडेमोड
हे मात्र मी विचारातच घेतलं नव्हतं. किलोला दोन रुपयांत साठवण, वाळवण आणि किड्यांची जोखीम तिकडे गेली. माझ्या म्युच्युअल फंडापेक्षा चांगला सौदा आहे.

अर्धा_कप
आणखी एक बाजू राहिलीच. मार्च २०२० आठवतं? ज्यांच्या घरी कोठी होती ते शांत होते, आम्ही मास्क लावून वाण्यासमोर रांगेत. २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये तूरडाळ दोनशेला टेकली होती. २०१९ च्या डिसेंबरमध्ये कांदा शंभरावर. साठा हा बचतीसाठी नसतो, अशा वर्षासाठी असतो.

डोंबिवली_पूर्व
अशा वर्षासाठी महिन्या-दोन महिन्यांचं पुरेसं असतं असं माझं अजूनही म्हणणं आहे. आणि माझं "अशा वर्षाचं" संकट तापानं आलं, तिथे गहू चालला नाही, रोख लागली.

सांगलीची_आत्या
सगळंच वर्षाचं घ्यायचं असं मी कधी म्हटलं? लाल तिखट वर्षाचं. मिरची मार्च-एप्रिलला स्वस्त, बेडगी न् संकेश्वरी निम्मी निम्मी घ्या, डंखावर (मिरची कांडायच्या यंत्रावर) कांडून आणा, हिंगाचा खडा घालून बरणीत दाबून भरा. जागा वीतभर लागते. चिंच वर्षाची, आमसुलं वर्षाची. तांदूळ जुना झाला की भात चांगला होतो, तो सहा महिन्यांचा. गहू दोन-तीन महिन्यांचा. डाळ महिन्याची, घराला गच्ची नसेल तर. गूळ पावसाळ्यात कधीच साठवू नका, पाझरतो.

घराप्रमाणे ठरवायचं असतं. पुस्तकात नसतं ते.

आकडेमोड
टर्म प्लॅनचं उत्तर अजून आलं नाही.

डोंबिवली_पूर्व
नाहीये. कोटेशन काढलंय, या आठवड्यात मेडिकल करतो. फोनचे तीन हप्ते राहिलेत, ते संपले की २,४०० वेगळ्या खात्यात, त्याला हात लावायचा नाही असं ठरलंय. काळी_माती, तुम्हाला निरोप पाठवलाय, एप्रिलचे ५० किलो, दोनदा नेईन. वाळवलेला द्या.

डोंबिवली_पूर्व
नमस्कार, मी यांची बायको. त्यांच्याच खात्यावरून लिहितेय. सगळं वाचलं. ऑगस्टचे तास मी सांगते: अकरा. आणि २२ किलो "टाकून दिला" नाही, खालच्या गोठ्यातल्या काकांना दिला, त्यांनी बदल्यात तीन दिवस दूध दिलं, ते हिशोबात धरलेलं नाही.

तीनपैकी दोन कोठ्या मी विकायला काढतेय. स्वतः न्यायच्या, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. ६०० ला एक.

सांगलीची_आत्या
लेक कल्याणला असते, रविवारी पाठवते. पण ४०० देईन. आणि झाकण घट्ट बसतं का ते आधी सांग.