बाटली आडवी करायची आहे, पण फक्त दुकान बंद करून भागेल का?

माडबाग
आमचं सिंधुदुर्गातलं किनाऱ्यावरचं गाव. दोन वाड्या रापणकरांच्या, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्यांच्या, आणि ट्रॉलरवर जाणाऱ्यांच्या. देशी दारूचं एकच परवानाधारक दुकान. बचत गटाच्या बायकांनी ते बंद करण्यासाठी सह्या घ्यायला सुरुवात केलीय. गावकीतले काही म्हणतात, मतदान कशाला, पिणाऱ्याला पाच हजार दंड लावू आणि भरला नाही तर वाळीत टाकू. दुसरे म्हणतात, दुकान गेलं की गोवा बनावटीची दारू मोटारसायकलवरून घरपोच येईल आणि व्हाळाकडची (ओढ्याकडची) हातभट्टी पुन्हा पेटेल. त्यात चार-पाच पोरं गांजा ओढतात, त्यांना पोलिसांत द्यायचं का यावरून घराघरांत वाद. सगळं बंद आणि सगळं मोकळं यांच्या मधली, गावाला झेपेल अशी वाट कोणती?

आडवी-उभी
‘दंड’ आणि ‘वाळीत’ हे शब्द ठरावाच्या कागदावर येऊच देऊ नका. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा 2016 चा कायदा आहे. त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि पिणाऱ्याचे पाच हजार शेवटी बायकोच्या बचत गटातल्या कर्जातूनच जातात.

मतदानाचं गणित मात्र आधी पक्कं करा, गावं तिथेच हरतात. आडवी बाटली म्हणजे दुकान बंद, उभी म्हणजे चालू. अर्जाला 25 टक्के महिला मतदारांच्या सह्या लागतात. पण झालेल्या मतदानातली निम्मी मतं मिळून बाटली आडवी होत नाही. यादीतल्या एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त लागतात. समजा यादीत 660 बायका आहेत. सह्या 165, जिंकायला 331. त्या दिवशी 400 जणी आल्या आणि 320 जणींनी आडवीला मत दिलं, तरी दुकान उघडंच राहतं. न आलेली प्रत्येक बाई उभ्या बाटलीच्या बाजूने मोजली जाते.

कोकणात खरी अडचण याच्या पुढची. मुंबईला राहणाऱ्या, लग्न होऊन गेलेल्या, वारलेल्या, सगळ्यांची नावं यादीत तशीच असतात आणि एकूण आकडा फुगतो. म्हणून सह्यांच्या आधी बीएलओला (मतदार यादी सांभाळणाऱ्या केंद्रस्तरीय अधिकाऱ्याला) बसवून यादी वाडीवार मोठ्याने वाचा. मयत आणि कायमच्या गेलेल्यांसाठी नमुना 7 भरा. ज्या चाकरमानी बायकांचं नाव गावातच आहे त्यांना आणायची सोय करा, आणि मतदान मे महिन्यात किंवा गणपतीच्या आसपास घ्यावं अशी विनंती अर्जातच लिहा. प्रत्येक सहीसमोर यादीतला अनुक्रमांक हवा. पडताळणीत सह्या बाद होतात, तेव्हा 165 लागत असतील तर 220 घ्या. अर्ज उत्पादन शुल्क अधीक्षकांच्या कार्यालयात द्या, पोच घेतल्याशिवाय हलू नका.

एक विनंती: राखणदाराला, म्हणजे गावाचं रक्षण करणाऱ्या देवाला, ठेवायची मानाची बाटली या प्रचारात ओढू नका. तो वाद पेटला की निम्म्या वाड्या तुमच्यापासून तुटतील, आणि त्या बाटलीने कुणाचा संसार मोडलेला नाही.

घाटवाट
माल येणार ही भीती खरी आहे. गोव्यात कर कमी, दर कमी, आणि इन्सुलीला तपासणी असली तरी आडवाटा भरपूर. चंद्रपूरची बंदी 2015 मध्ये आली आणि 2021 मध्ये उठली. चोरटी विक्री हेच त्यातलं मोठं कारण सांगितलं गेलं. म्हणून दुकान बंद करू नये असं मला वाटत नाही. हातात मासळीच्या कमाईचा वाटा पडला की वाटेवरच दुकान, ही सोय मोडते हा फायदा मोठा आहे. पण बंदीच्या पहिल्या दिवसापासून कुणीतरी लक्ष ठेवलं पाहिजे.

हातभट्टी पाण्याशिवाय चालत नाही, वाफ थंड करायला वाहतं पाणी लागतं, म्हणून ती व्हाळाच्या काठी किंवा खाडीच्या कांदळवनात सापडते. काळा गूळ आणि नवसागर टाकून आंबवलेलं रसायन पिंपांत काही दिवस मुरतं. तक्रार त्याच दिवसांत करा. दारू गाळून झाल्यावर धाड आली तर रिकामी पिंपंच मिळतात. तक्रारीत ‘गावात दारू मिळते’ असं लिहून काही होत नाही; जागा, वेळ, गाडीचा नंबर, पिंपं किती, गूळ कुठून येतो, हे लिहा. पोलीस पाटलांकडेही एक प्रत द्या.

गुळाच्या भट्टीपेक्षा जास्त घातक ते कारखान्यातलं मिथेनॉल मिसळलेलं पाणी. 2015 मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसं त्यानेच गेली. प्यायल्यावर आधी नेहमीसारखी नशा येते; बहुधा 12 ते 24 तासांत नजर धूसर होते, डोळ्यांसमोर पांढरं दिसतं, पोट दुखतं, श्वास जोरात चालतो. ‘उतरेल’ म्हणून झोपवू नका. 108 बोलवा आणि सोबत कोण कोण प्यायलं तेही शोधा.

रात्रपाळी
दुकान बंद होण्याआधी एक यादी करा, तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. सकाळी उठल्याबरोबर हात थरथरतात म्हणून पिणारे, आणि दारू तुटल्यावर पूर्वी कधी फिट आलेले. अशांची दारू एका दिवसात थांबली तर 6 ते 24 तासांत थरथर आणि घाम, 48 तासांच्या आत फिट, आणि दोन-तीन दिवसांनी भ्रम: भिंतीवर किडे दिसतात, माणूस उठून पळतो, ताप चढतो. यात जीव जातो. 2020 च्या टाळेबंदीत केरळात हे इतकं वाढलं की सरकारने डॉक्टरच्या चिठ्ठीवर दारू द्यायचा आदेश काढला होता, तो उच्च न्यायालयाने थांबवला.

या माणसांना घरी कोंडू नका, दाखल करा. ओरोसचं जिल्हा रुग्णालय, रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय, तुमच्याकडून जवळ पडत असेल तर गोव्यातलं बांबोळीचं रुग्णालय. गावातल्या दवाखान्यात अशक्तपणा म्हणून थेट ग्लुकोजचं सलाईन लावतात ते टाळायला सांगा. आधी थायमिनचं इंजेक्शन, मग ग्लुकोज, नाहीतर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. खलाशांसाठी योग्य वेळ पावसाळी मासेमारी बंदीची. होड्या किनाऱ्यावर असतात, दाखल झालं तरी वाटा बुडत नाही. तांडेलांशी (होडीच्या प्रमुखांशी) आधी बोलून ठेवा, म्हणजे हंगामात त्या माणसाची जागा राहील.

खाजण
गांजाबद्दल. विकणारा आणि ओढणारा यांना एकाच मापाने मोजू नका. एनडीपीएस या अंमली पदार्थविरोधी कायद्यात एक किलोपर्यंतचा गांजा ‘अल्प मात्रा’ धरला जातो, आणि नुसत्या ओढण्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. पण त्याच कायद्याचं कलम 64अ सांगतं की व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेला, तर सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यासाठी त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्ध्यावर सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. पोरांच्या आईवडिलांना हे कलम दाखवा. पोलिसांचं नाव काढलं की पोर लपतं, हे दाखवलं तर निदान 14446 या व्यसनमुक्ती हेल्पलाइनला फोन तरी लागतो. विकणाऱ्याचं नाव मात्र पोलिसांनाच द्यायचं.

वाळूत प्लॅस्टिकची बंद पाकिटं सापडली तर हात लावू नका, उघडू नका, 112 ला कळवा. 2023 च्या पावसाळ्यात दापोलीच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटं लागली होती. घरी नेलं तर ते बाळगणंच ठरतं.

माडबाग
यादीचं वाचन या रविवारी ठेवतो. एक राहिलं: दारू सोडवायची गोळी आमटीत घालून, नवऱ्याला न सांगता द्यायची, असं दोन घरांत चाललंय. चालेल का?

रात्रपाळी
नाही, आजच थांबवायला सांगा. ती बहुतेक डायसल्फिराम. ती पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो, हृदय कमकुवत असेल तर माणूस दगावतो. म्हणूनच ती रुग्णाला सांगून, त्याच्या संमतीने, शेवटच्या घोटानंतर किमान 12 तासांनी आणि यकृत-हृदय तपासूनच द्यायची असते. बंद केल्यावरही असर दोन आठवड्यांपर्यंत राहतो, तेव्हा त्या दोघांना ‘आता पंधरा दिवस घोटभरही नको’ हे कारणासकट सांगायलाच लागेल. त्यातला कुणी रोज सकाळी थरथरणारा असेल तर घरी थांबू नका, दारू तुटायच्या आत ओरोसला न्या. गोळीचं पाकीट सोबत ठेवा आणि किती दिवस दिली ते डॉक्टरांना सांगा.