मला घुमट वाजवता येतं

‘स्वतःबद्दल इतरांना ठाऊक नसलेलं काहीतरी सांगा’ या इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलं की ते जगावेगळं हवं. हे मला पटत नाही. अगदी साधी गोष्टही वर्षानुवर्षं इथे सोबत लिहिणाऱ्यांना माहीत नसते. माझं घ्या. मला घुमट, म्हणजे मडक्याच्या तोंडावर कातडं ताणून केलेलं गोव्याचं वाद्य, वाजवता येतं, आणि हे माझ्या ऑफिसातही कुणाला ठाऊक नाही. गोव्यात फोंड्याकडच्या आमच्या वाड्यावर चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आरतीला घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं चर्मवाद्य), कासाळे (मोठी झांज) पुरुषांच्या हातात, बायकांनी फुगडी घालायची, अशी वहिवाट होती. मी मुलगी, तरी आजोबांनी मात्र मला मांडीशी बसवून शिकवलं. उजव्या हाताच्या बोटांनी कातड्यावर थाप, आणि डाव्या तळव्याने मडक्याचं मागचं लहान तोंड झाकायचं-उघडायचं. आवाजाचा सगळा जीव त्या डाव्या हातात आहे. ते जमायला फार वेळ लागतो!

त्यांचं जुनं घुमट घोरपडीच्या कातड्याचं होतं. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे ते बंद झालं आणि बकऱ्याचं कातडं आलं. नाद थोडा बदलला, पण घोरपडी मारल्या जात नाहीत हे मला जास्त मोलाचं वाटतं. 2019 मध्ये गोवा सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य म्हणून मान्यता दिली. आता बायकांची घुमट आरती पथकंही उभी राहिली आहेत, त्यांना ऐकताना मला फार आनंद होतो. तुमच्यापैकी आणखी कुणी घरच्या आरतीत काही वाजवत असेल तर जरूर सांगा, विशेषतः बायकांनी.