प्रेक्षक वेगळे नाहीत, प्रदर्शन आहे हे त्यांना कळत नाही

पुण्याच्या बालगंधर्व रंगमंदिरात वरच्या कलादालनात चित्रप्रदर्शन बघणारा आणि खाली लावणीला येणारा प्रेक्षक वेगळा, एकमेकांचा एकमेकांशी संबंध नाही, असं काही जण म्हणतात. ते मला पटत नाही. लावणीच्या खास महिलांसाठीच्या प्रयोगाला आम्ही मैत्रिणी जरा लवकर पोचलो, म्हणून कलादालनात डोकावलो. तिथे आमच्यासारख्याच गजरे माळून आलेल्या बऱ्याच जणी होत्या. एक आजी जलरंगातल्या वाड्याच्या चित्रासमोर उभ्या राहून नातीला ओसरी, माजघर, परस दाखवत होत्या. प्रदर्शन चालू आहे हे बहुतेकींना तिथे पोचल्यावरच कळलं होतं. तिकीटखिडकीशी नाटकांचे फलक लागतात, त्यातच प्रदर्शनाचाही एक लावला तरी पुष्कळ फरक पडेल.

आणि चित्रकला नि रंगमंच या वास्तूत पहिल्यापासून शेजारी आहेत. १९६८ साली रंगमंदिर सुरू झालं. गोपाळ देऊस्करांनी रंगवलेली बालगंधर्वांची दोन मोठी तैलचित्रं तिथे आहेत, एक पुरुषभूमिकेतलं, एक स्त्रीभूमिकेतलं. पुढच्या वेळी प्रयोगाला जाल तेव्हा स्त्रीवेषातल्या चित्रातली उभं राहण्याची लकब नीट बघा. नृत्य शिकणाऱ्या मुलींना तर मुद्दाम दाखवा.