कोलोनोस्कोपीआधी रक्त पातळ करणारी गोळी बंद करावी का? तातडीने मदत हवी आहे

धागाकर्ता, दारव्हा तालुका : बाबांची कोलोनोस्कोपी (मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी) नागपूरला ठरली असून त्याला नऊच दिवस उरले आहेत. तेथून फोनवर ‘रक्त पातळ करणारी गोळी ७ दिवस बंद ठेवा’ एवढेच सांगण्यात आले, तर गावातले डॉक्टर एक दिवसही बंद करू नका म्हणतात. कोणाचे ऐकावे?

वाचक, वणी : गोळी कोणती, स्टेंट (हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवतात ती जाळीची नळी) आहे का, असल्यास कधी बसवला आणि तपासणी कशासाठी आहे, हे कळल्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

वाचक, पुसद : माझ्या सासऱ्यांची गोळी ५ दिवस बंद होती आणि काहीही झाले नाही. निर्धास्तपणे बंद करा.

परिचारिका, वर्धा जिल्हा : दादा, असा सल्ला कृपया देऊ नका. नवा स्टेंट असताना रक्त पातळ करणारी दोन्ही औषधे (क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन) एकदम थांबली, तर त्यात गुठळी होऊन जिवावर बेतू शकते. नुसते पाहणे किंवा बायोप्सी (तपासणीसाठी छोटा तुकडा काढणे) असेल, तर गोळी सहसा सुरूच ठेवतात. मोठा पॉलिप (आतड्यातील गाठीसारखी वाढ) काढायचा असेल, तर हृदयरोगतज्ज्ञांच्या संमतीने क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस थांबवतात, ॲस्पिरिन मात्र बहुधा चालू राहते.

वाचक, अचलपूर : पित्तासाठी ओमेप्राझोल घेत असतील, तर तेही सांगा. त्याने क्लोपिडोग्रेलचा परिणाम कमी होतो. पँटोप्राझोल त्या मानाने बरे.

धागाकर्ता : ८ महिन्यांपूर्वी हृदयविकाराचा झटका आला, तेव्हा औषधी (औषधाचा लेप असलेला) स्टेंट बसवला. पूर्वी पॉलिप काढला होता, त्याची ही फेरतपासणी आहे. सध्या त्रास काही नाही. आत्ता पाकीट उजेडात धरून वाचले : एकाच कॅप्सूलमध्ये क्लोपिडोग्रेल ७५ आणि ॲस्पिरिन ७५ मिलिग्रॅम आहे.

परिचारिका, वर्धा जिल्हा : मुख्य अडचण हीच आहे. ‘गोळी’ एक दिसते, पण ती बंद केली की दोन्ही औषधे थांबतात. क्लोपिडोग्रेल थांबवायचेच ठरले, तर ॲस्पिरिन वेगळे लिहून घ्यावे लागेल. झटक्यानंतर ही जोडी साधारणपणे १२ महिने देतात, त्यामुळे तातडीची नसलेली फेरतपासणी पुढे ढकलता येईल का, हे हृदयरोगतज्ज्ञांना आजच विचारा. तोवर कॅप्सूल चुकवू नका.

वाचक, पुसद : सासऱ्यांना स्टेंट नव्हता. हे आधी लिहायला हवे होते, क्षमस्व.

धागाकर्ता : हृदयरोगतज्ज्ञांशी बोलणे झाले. त्यांनी स्वतः नागपूरच्या डॉक्टरांना फोन केला आणि तपासणी ४ महिने पुढे गेली. आजची कॅप्सूल बाबांनी जेवणानंतर घेतली आहे.