चर्चा धागा: कपाटात पडून राहिलेली .२२ रायफल, ‘नळी गेली’ असे कधी म्हणावे?

पन्नासमीटर

आमच्या क्लबच्या कपाटात दहा-अकरा वर्षे पडून राहिलेली आन्शुट्झ या जर्मन कंपनीची मॅच ५४ प्रकारची .२२ रायफल आम्ही मार्चमध्ये बाहेर काढली. स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ मध्ये पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनचे (गुडघ्यावर, पालथे आणि उभे राहून झाडायच्या प्रकाराचे) कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्या कोल्हापूर भागात या प्रकाराची चौकशी करणारी मुले वाढली आहेत आणि त्यांना द्यायला चांगल्या रायफली मोजक्याच आहेत. टेकूवर ठेवून ५० मीटरवर दहा गोळ्या झाडल्या, तर ग्रुप, म्हणजे कागदावरच्या छिद्रांचा पसारा, ३८ मिलिमीटरचा पडला. लक्ष्यावरचे दहा गुणांचे वर्तुळ अवघे १०.४ मिलिमीटरचे असते, हे लक्षात घेता ही रायफल स्पर्धेच्या कामाची नव्हती. कमिटीतल्या बहुतेकांनी ‘नळी गेली’ असा निर्वाळा दिला.

मला तो निर्वाळा मान्य नाही. .२२ ची गोळी मऊ शिशाची, वंगण लावलेली आणि ध्वनीच्या वेगाच्या आसपास जाणारी असते. अशा गोळ्यांनी चांगली नळी सहजासहजी झिजत नाही. दुर्लक्षित रायफलीत आधी बिघडते ते नळीच्या भोवतालचे सगळे.

आम्ही सुरुवात बोल्टपासून, म्हणजे काडतूस आत ढकलून बंद करणाऱ्या आणि पीन आदळणाऱ्या भागापासून केली. आतले तेल सुकून लाखेसारखे पिवळे आणि चिकट झाले होते, आणि झाडलेल्या पुंगळ्यांच्या कडेवर पिनेची खूण एकीवर खोल तर दुसरीवर जेमतेम उमटलेली दिसत होती. रिमफायर काडतुसात पेट घेणारा मसाला बुडाच्या कडेत असतो; ती कड दर वेळी सारख्या जोराने चेपली गेली नाही, तर मसाला सारखा पेटत नाही, गोळीचा वेग कमी-जास्त होतो आणि कागदावर ग्रुप उभा ताणला जातो. आमचा ग्रुप नेमका तसाच उभट होता. बोल्ट उघडून, धुऊन, अगदी नावापुरते तेल देऊन बसवल्यावर तो २९ मिलिमीटरवर आला.

पुढची पाळी रायफल लाकडी दस्त्याला धरून ठेवणाऱ्या स्क्रूंची. मागचा स्क्रू बोटाच्या जोराने फिरला! आमच्याकडच्या इतक्या पावसाळ्यांत लाकूड फुगून आणि सुकून दबले होते. टॉर्क पान्याने दोन्ही स्क्रू ५ न्यूटन-मीटरला आवळले आणि ग्रुप २२ झाला. शेवटी चेंबरच्या (काडतूस बसते त्या जागेच्या) पुढे, जिथे गोळीला फिरकी देणाऱ्या नळीतल्या खोबण्या सुरू होतात तिथे, शिसे आणि जळलेल्या दारूचे जे कडक कडे जमते ते काढले. ते साध्या चिंधीने निघत नाही. द्रावण लावून वाट पाहावी लागते आणि काशाचा ब्रश हाताने सावकाश फिरवावा लागतो. त्यानंतरच्या पंधरा गोळ्या वाटेल तशा पडल्या, कारण नळीत वंगणाचा थर पुन्हा बसेपर्यंत तसे होतेच. मग १६ मिलिमीटरचा ग्रुप मिळाला. नळीला हत्यार लागले नाही, नवा भाग लागला नाही. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, हा सगळा क्रम पुरा केल्याशिवाय कोणीही नळीला दोष देऊ नये.

लेथवरचा

आपल्या चिकाटीबद्दल आदर आहे, परंतु निष्कर्ष पटत नाही. क्लबच्या रायफली गोळ्यांनी झिजत नाहीत, त्या सळईने झिजतात. मुले साफसफाईसाठी नळीच्या तोंडाकडून तुकडे जोडलेली लोखंडी सळई घालतात, ती कडेवर घासते आणि गोळी ज्या जागी नळीला शेवटचा स्पर्श करते ती कडच एका बाजूने खाल्ली जाते. गोळी सुटताच मागून येणारा वायू त्या बाजूने आधी निसटतो आणि गोळीला तिरपा धक्का देतो. हा दोष बोल्ट धुऊन जात नाही. तपासायला दोन मिनिटे लागतात: कापसाचा बोळा तोंडाच्या आतल्या कडेवरून हलकेच फिरवावा आणि तंतू कुठे अडकतात ते भिंगातून पाहावे. माझ्या मते हे काम पहिले. कड बिघडलेली असेल, तर टोकाचे आठ-दहा मिलिमीटर कापून नवी कड घडवावी आणि मगच काडतुसांवर खर्च करावा.

बालेवाडीची वाट

मी मुलांना शिकवते आणि मला आपल्या दोघांशीही मतभेद नोंदवायचे आहेत.

लेथवरचा यांनी कापण्याचा सल्ला देताना एक गोष्ट सांगायला हवी होती. शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ६ नुसार परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करता येत नाही, आणि कलम ५ नुसार दुरुस्तीलाही परवाना लागतो. ‘आठ-दहा मिलिमीटर’ हे शब्द वाचून कोणी ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रायफल घेऊन गेले, तर नेम सुधारण्याऐवजी क्लबवर गुन्हा दाखल व्हायचा. हे काम परवानाधारक कारागिराकडेच आणि कागदपत्रांसह व्हायला हवे.

पन्नासमीटर यांच्या आकड्यांविषयी माझी शंका अधिक गंभीर आहे. आपण प्रत्येक टप्प्यावर एकच ग्रुप झाडलेला दिसतो. त्याच रायफलीने, त्याच काडतुसांनी लागोपाठ झाडलेल्या दोन ग्रुपमध्ये सहज पाच-सहा मिलिमीटरचा फरक पडतो, कारण ग्रुपचे माप टोकाच्या दोनच गोळ्या ठरवतात आणि उरलेल्या आठ काय सांगतात ते वाया जाते. तेव्हा २९ वरून २२ हे स्क्रूंमुळे झाले असे आपण कशाच्या आधारावर म्हणता? शिवाय काडतुसे कोणती होती हे आपण लिहिलेलेच नाही. एकाच कंपनीच्या, एकाच नावाच्या काडतुसांचे दोन लॉट, म्हणजे वेगवेगळ्या वेळी बनलेल्या दोन खेपा, एकाच नळीतून वेगवेगळे वागतात. मधेच लॉट बदलला असेल, तर आपली सगळी शिडी कोसळते. माझ्या हाताखालच्या मुलीला वाईट ग्रुप पडला की ती आधी स्वतःच्या श्वासाला आणि चापावरच्या बोटाला दोष देते. अर्धवट तपासलेली रायफल तिच्या हाती दिली, तर ती महिनोन्‌महिने नसलेली चूक शोधत राहील. म्हणून मला हा वाद किरकोळ वाटत नाही.

पन्नासमीटर

लॉटविषयीचा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पहिले दोन टप्पे क्लबमधल्या जुन्या खोक्यातल्या काडतुसांवर झाले आणि शेवटचे दोन नव्या खोक्यावर. म्हणजे २९ ते २२ या उडीत स्क्रू आणि काडतुसे असे दोन्ही बदल मिसळले आहेत. हे मी आधीच लिहायला हवे होते. बोल्टबाबत मात्र मी ठाम आहे, कारण तिथे माझा पुरावा ग्रुप नसून पुंगळ्या आहेत: धुतल्यानंतरच्या दहाही पुंगळ्यांवर खूण सारख्या खोलीची आहे.

कापसाची तपासणी काल केली. तोंडाच्या कडेवर तंतू कुठेही अडकले नाहीत. पण चेंबरच्या कडेवर, पीन जिथे आदळते तिथे, अडकले. कोणीतरी काडतुसाशिवाय चाप ओढून ओढून तिथे बारीकसा कंगोरा उठवला आहे.

लेथवरचा

मग त्या कंगोऱ्यावर कानस चालवू नका. तिथे धातू काढला की काडतुसाच्या कडेला आधार उरत नाही. उठलेला धातू चेंबरसाठी बनवलेल्या गुळगुळीत हत्याराने परत दाबून बसवतात, आणि तेही काम परवानाधारकाचेच. तोंडाची कड शाबूत असेल, तर या रायफलीपुरता कापण्याचा आग्रह मी मागे घेतो. तोंडाची तपासणी पहिली, हा आग्रह कायम आहे.

बालेवाडीची वाट

कंगोरा बसवून झाला की एकाच लॉटचे दहा-दहा गोळ्यांचे पाच ग्रुप झाडावेत, आणि प्रत्येक गोळीचे ग्रुपच्या मध्यापासूनचे अंतर मोजावे. मग मागचा स्क्रू मुद्दाम सैल करून आणखी पाच ग्रुप झाडावेत. फरक स्क्रूंचा असेल तर तो परत दिसेल. शंभर काडतुसे खर्च होतील. आमच्याकडचा एक लॉट शिल्लक आहे, त्यातली पन्नास मी परवान्याच्या नोंदी तपासून देण्याची व्यवस्था करते.