मदत हवी आहे: डॉक्टरांची वेळ घेऊनही दोन तास बसावं लागतं

सायली_सातारकर: बाबांना दर महिन्याला फॅमिली डॉक्टरांकडे नेते. १०:३० ची वेळ दिली की आत जायला १२:३०. तोवर बाबा उपाशी, चिडलेले, आणि रिसेप्शनवरच्या मुलीशी माझं वाजतं. ऑफिसचा हाफ डे जातो तो वेगळाच. डॉक्टर बदला म्हणू नका, माझ्या जन्माआधीपासूनचे आहेत. वेळेत नंबर लागायला तुम्ही काय करता? लवकर सांगा, गुरुवारी जायचंय.

गवतीचहा: डॉक्टर बदला.

पायरीवरचा: वेळ देतात की नंबर? आमच्याकडे 'साडेदहाला या' असं सगळ्यांनाच सांगतात. पोचल्यावर वहीत जिथे नाव पडेल तो खरा नंबर.

सायली_सातारकर: वहीच आहे. पण मग फोनवर वेळ कशाला सांगतात?

लीड्सवासी: इकडे इंग्लंडात जीपी, म्हणजे फॅमिली डॉक्टर, साधारण १० मिनिटं देतो. पण ती मिळवायला सकाळी ८ ला फोनला चिकटून बसायचं, तेव्हा कुठे पुढच्या आठवड्यातली मिळते. तुम्हाला हवं तेव्हा डॉक्टर भेटतात, नशीब समजा.

गवतीचहा: अहो, प्रश्न साताऱ्याचा आहे.

सायली_सातारकर: पुण्याचा. सातारकर आडनाव आहे.

दवाखाना_आतून: ठाण्यात जनरल प्रॅक्टिस करतो, म्हणून दुसरी बाजू. वेळ घेतलेले बरेच जण येतच नाहीत, कळवतही नाहीत. म्हणून एका वेळेला दोन नावं घ्यावी लागतात. जे येतात ते 'आलोच आहोत तर हिचाही खोकला बघा' म्हणतात. त्यात तापाने फणफणलेलं पोर आलं तर त्याला वही दाखवू?

पायरीवरचा: आणि एमआर, म्हणजे औषध कंपन्यांची माणसं? टाय लावून आमच्या आधी आत जातात, ते कशाने फणफणलेले असतात?

दवाखाना_आतून: मी त्यांना दुपारी ओपीडी संपल्यावरच भेटतो.

पायरीवरचा: तुम्ही भेटत असाल हो.

रात्रपाळी: ते राहू दे. बाबा उपाशी का?

सायली_सातारकर: शुगर आहे ना. उपाशीपोटीच जायचं असतं.

रात्रपाळी: दर वेळी रक्त तपासतात? आणि गोळी कुठली, कधी घेतात?

सायली_सातारकर: रक्त तीन महिन्यांतून एकदा, तेही शेजारच्या लॅबमध्ये. एरवी बीपी, वजन. ग्लिमेपिराइड सकाळी ७ ला. बसल्या बसल्या घाम येतो कधीकधी, पण तिथे गर्दीच केवढी असते.

रात्रपाळी: अगं, हे आधी सांगायचं! ती गोळी नाश्त्याबरोबर घ्यायची असते. गोळी पोटात आणि पोट रिकामं, म्हणजे साखर घसरणार. घाम, चिडचिड, हात थरथरणं ही त्याचीच लक्षणं. गुरुवारची वाट बघू नकोस, आत्ता डॉक्टरांना फोन कर. नुसत्या बीपीला जाताना नाश्ता करूनच ने. पुन्हा घाम आला आणि बाबा नीट शुद्धीवर असले तर ३ चमचे साखर पाण्यात घालून लगेच दे, १५ मिनिटांनी परत बघ. फास्टिंगच्या दिवशी लॅबवाल्याला सकाळी लवकर घरीच बोलाव, आणि त्या दिवशी गोळी कधी घ्यायची ते डॉक्टरांना विचार. एचबीएवनसीला, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणाऱ्या तपासणीला, तर उपाशी राहावंच लागत नाही.

गवतीचहा: रोज मेथीचं पाणी द्या, गोळी सुटते.

दवाखाना_आतून: कृपा करून असं लिहू नका, वाचून लोक खरंच गोळी बंद करतात. रात्रपाळी म्हणतात ते बरोबर आहे. सायली, बीपीसाठी संध्याकाळची वेळ मागा, सोमवार टाळा, आणि 'फक्त बीपी बघून गोळ्या लिहून हव्यात' असं फोनवरच सांगा.

गवतीचहा: माझ्या काकांची सुटली आहे.

सायली_सातारकर: फोन केला. आज संध्याकाळीच घेऊन या म्हणाले, वहीत नाव न लिहिता थेट आत. रात्रपाळी, थँक्यू.

पायरीवरचा: म्हणजे आज संध्याकाळी वहीतले आम्ही अजून एक नंबर मागे.

नवा_सभासद: त्या दवाखान्यापाशी चारचाकीला पार्किंग मिळतं का?